मुलगी दहावीत आहे, ठाण्यात राहतो. सारखी खोलीत बसून चित्रं काढते. हा छंद की पळवाट?

तास मोजू नका. चित्र काढून उठल्यावर ती कशी असते ते बघा. हलकी होऊन जेवायला येते, काढलेलं दाखवते, तर काढू द्या की! पण वही मिटली की पुन्हा तोच पडलेला चेहरा, मैत्रिणींसोबत तलावपाळीला जाणं बंद, झोप उडालेली, आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललंय, तर काहीतरी सलतंय. वही मात्र हिसकावू नका (दहावीच्या नावाखाली आपण नेमकं तेच करतो). सध्या तेवढाच तिला आधार असेल. शेजारी बसून "शाळेत काही झालंय का गं?" एवढंच विचारा. हातावर कापल्याच्या खुणा दिसल्या किंवा मरणाचं बोलली, तर वाट न बघता मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. सरकारची मानसिक आरोग्याची फोन हेल्पलाइन टेली-मानस, १४४१६, मोफत आणि चोवीस तास चालू असते. मराठीत बोलता येतं.