गणपतीतल्या गोळ्या आणि लांबलेली पाळी

प्रश्न : गौरी-गणपतीत अडचण नको म्हणून मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणून घेतल्या. त्या बंद करून दहा दिवस झाले, पाळी नाही. मधल्या काळात संबंध आले होते. दिवस गेले असतील का?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : असू शकतात. या (नॉरएथिस्टेरॉनच्या) गोळ्या थांबवल्यावर बहुधा दोन-तीन दिवसांत, फार तर आठवड्यात पाळी येते. त्या गर्भनिरोधक नव्हेत. हा घोळ दर सणाला होतो.

आशाताईंकडे दिवस गेलेत का ते घरी तपासायचं ‘निश्चय’ किट मोफत मिळतं. सकाळची पहिली लघवी कोरड्या, साबण न लागलेल्या वाटीत घ्या. ड्रॉपरने किटच्या खळग्यात दोन-तीन थेंब टाका आणि पाच मिनिटांनी पाहा. किटवरच्या ‘सी’ अक्षरापाशी रेघ उमटलीच नाही, तर किट बाद. ‘सी’सोबत ‘टी’ची रेघ आली, मग ती फिकट का असेना, दिवस गेलेत असं धरा. अर्ध्या तासाने पुन्हा काढून बघू नका. सुकलेल्या पट्टीवर खोटी पुसट रेघ दिसते.

एकच (‘सी’ची) रेघ आली, तर आठवड्याने पुन्हा तपासा. बीज उशिरा सुटलं असेल तर पहिली तपासणी फसते. तरीही पाळी नसेल तर डॉक्टरांकडे जा. थायरॉइड, पीसीओडी (पाळी अनियमित करणारा बीजकोशाचा त्रास) पाहावं लागेल. कच्च्या पपईचे प्रयोग नकोत.

दोन रेघा आल्या, तर घेतलेल्या गोळ्यांचं डॉक्टरांना सांगा. तेवढ्यावरून गर्भ पाडायची गरज नसते. मात्र ओटीपोटात एका बाजूला कळ, चक्कर किंवा डाग दिसला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. गर्भ पिशवीऐवजी बीजनळीत राहिलेला असू शकतो.