नव्या शेगडीतला पहिला जाळ

प्रश्न : काटोल रोडवर आमचं लहानसं शेतघर आहे. यंदा थंडीसाठी तिथे बिडाची, काचेचं दार आणि धुराडं असलेली लाकडाची शेगडी बसवली. सोबतच्या पुस्तिकेत 'सुरुवातीला लहान जाळ करा' एवढंच लिहिलंय. म्हणून हवेची झडप बंद करून जाळ मंद ठेवला, तर काच काळी झाली आणि घरभर रंगाचा वास सुटला. शेगडीतच दोष असेल का?
– एक वाचिका, धरमपेठ

उत्तर : दोष नाही, ताई. लहान जाळ म्हणजे कोंडलेला जाळ नव्हे. लाकूड कमी घाला, पण हवा भरपूर द्या. हवा तोडली की लाकूड नुसतं धुमसतं. त्या धुरातलं डांबर आधी काचेवर दिसतं, न दिसणारं धुराड्यात साचतं, आणि तो थर एखाद्या दिवशी आतच पेट घेऊ शकतो. गार काच ओल्या कागदाला थोडी राख लावून पुसा, निघेल.

वास रंगाचाच आहे. हा रंग पहिल्या काही जाळांत पक्का होतो. तोवर खिडक्या उघड्या ठेवा, लेकरांना बाहेर पाठवा. तापताना रंग मऊ पडतो, म्हणून वर चहाचं भांडं ठेवायची घाई नको.

हिंगण्याच्या एमआयडीसीत ओतकामात माझी उमर गेली. बीड दाब कितीही सोसेल, ताण नाही. एक बाजू तापून फुगली आणि दुसरी गार राहिली की तडा गेलाच समजा. आतल्या विटांतही ओल असते. एकदम भडका केला तर वाफ वीट फोडते.

दोन बोटं जाडीची चार-पाच सुकी लाकडं खाली रचा, वर पऱ्हाटी नाहीतर तुऱ्हाटीच्या काड्या, आणि वरून पेटवा. जाळ खाली उतरत जातो, धुराडं लवकर तापतं, धूर खोलीत उलटत नाही. झडप पूर्ण उघडी. पहिल्या वेळी दार किंचित किलकिलं ठेवा, नाहीतर दाराची फट बुजवणारी कडेची दोरी कच्च्या रंगाला चिकटते. पण मग शेगडीजवळून उठायचं नाही. विझली की पूर्ण गार होऊ द्या. पुढचा जाळ थोडा मोठा, त्यापुढचा आणखी. असे तीन-चार झाले की भरा ओंडके.

बाभूळ झकास जळते, पण ताजी तोडलेली नको. ओल 20 टक्क्यांच्या आत हवी. दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर टणटण वाजले पाहिजेत. लकडगंजातल्या आरामशीनवरचे सागाचे तुकडे चालतील. प्लायवूड, रंगवलेली चौकट, रॉकेल अजिबात नाही.

डिसेंबर 2018 मध्ये नागपूरचा पारा 3.5 अंशांवर उतरला होता. अशा रात्री सगळं घट्ट लावून, शेगडी धुमसत ठेवून झोपावंसं वाटतं. तसं करू नका. कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग, झोपेतच घात होतो. त्याचा अलार्म मिळतो, तो लावाच.

राख झाकणाच्या लोखंडी बादलीत, घराबाहेर ठेवा. आत निखारा दुसऱ्या दिवशीही जिवंत असतो. आणि ती संत्र्याच्या आळ्यात ओतू नका. राखेतही चुनाच असतो, आणि आपल्या काळ्या जमिनीत चुनखडी आधीच काय कमी आहे!