कोळंबीचा भाव, परदेशी नियम आणि मुलाचं आखातात जाणं

प्रश्न : आमचा ट्रॉलर मिरकरवाडा बंदरात असतो. कोळंबीला पूर्वीसारखा उठाव नाही. परदेशी करारामुळे डिझेलवरच्या कराचा परतावा बंद होणार असंही ऐकतो. मुलगा आखातात जातो म्हणतोय. काय करावं?
– एक नौकामालक, रत्नागिरी

उत्तर : दादा, ट्रॉलच्या जाळ्यात समुद्री कासवं मरतात म्हणून अमेरिकेनं 2019 पासून आपली समुद्रातली कोळंबी घेणं बंद केलंय. तळ्यातली मात्र चालते. एवढं मोठं गिऱ्हाईक तुटलं की लिलावात बोली चढत नाही आणि झळ खलाशाच्या वाट्यापर्यंत पोचते.

उपाय आहे तो टेडचा, म्हणजे कासवाला जाळ्याबाहेर काढणाऱ्या साधनाचा. जाळ्याच्या शेवटच्या पिशवीआधी गजांची चौकट तिरकी बसवतात. कोळंबी गजांमधून मागे जाते, कासव गजांना अडून झडपेतून बाहेर पडतं. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेनं आपल्याकडच्या जाळ्यांसाठी असं साधन तयार केलंय. थोडी मासळी निसटते, हे खरं. पण एकट्या बोटीनं टेड लावून बाजार उघडणार नाही, सोसायटीत ठराव करून सगळ्यांनीच लावा. अनुदानाचं परवाना अधिकाऱ्यांना विचारा.

परताव्याबद्दल घाबरू नका. जागतिक व्यापार संघटनेचा 2022 चा करार डिझेल परतावा सरसकट बंद करा म्हणत नाही. त्याचा मुख्य रोख बेकायदा मासेमारीला मिळणाऱ्या अनुदानावर आहे. म्हणून परवाना चालू ठेवा, एलईडी दिव्यांच्या मासेमारीच्या वाटेला जाऊ नका.

आता मुलाचं. समुद्रावर पोट भरेना की माणसं घर सोडतात, हे इतरत्रही घडलंय. पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगलच्या सरकारला पैसे मोजून युरोपच्या बोटी वर्षानुवर्षं तिथल्या समुद्रात मासेमारी करत होत्या. तो करार 2024 मध्ये संपला. चिनी बोटी आणि फिशमीलचे, म्हणजे मासळीची भुकटी करणारे कारखाने यांचाही दोष आहेच, पण मासळी आटली आणि तिथल्या कोळ्यांनी आपल्या मासेमारीच्याच होड्यांतून स्पेनच्या कॅनरी बेटांची वाट धरली. 2006 या एका वर्षात पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून तिथे तीस हजारांवर माणसं पोचली, कित्येक वाटेतच बुडाली. श्रीमंत देशांत ठरलेल्या धोरणानं गरीब किनाऱ्यावरची घरं अशी रिकामी होतात, याचं मला फार वाईट वाटतं. आपल्या बोटींवर नेपाळी खलाशी येतात, तेही घर सोडूनच.

तरीही मुलाला अडवू नका, नीट पाठवा. एजंटाचा नोंदणी क्रमांक सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा. सेवाशुल्क 30,000 रुपये अधिक जीएसटी, त्यापुढे एक रुपयाही नाही, आणि पावती घ्याच. व्हिजिट व्हिसावर कामाला लावतो म्हणणाऱ्याच्या हाती पासपोर्ट देऊ नका.