वाकडला खोली घ्यावी का?

अगं,

तुझा मेल दोनदा वाचला. आठवड्यातून तीन दिवस पुण्याच्या ऑफिसला या, दारावर कार्डचं स्वाइप नसेल तर रजा धरू, असं एचआरने कळवलंय. तू कराडच्या घरात, माडीवरच्या खोलीतून दोन वर्षं बिनतक्रार काम केलंस. त्यातच एका स्टार्टअपची पूर्ण रिमोट ऑफर हातात आहे. राजीनामा देऊ का, असं विचारतेस. उत्तर आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचशील: पुण्याला ये. पण एक चौकशी केल्याशिवाय वाकडच्या खोलीचं डिपॉझिट भरू नकोस.

आधी एक जळमट काढून टाकू. घरी बसणारे कामचुकार असतात, असं जे टाउनहॉलमध्ये, म्हणजे कंपनीच्या मोठ्या सभेत, आडून आडून ऐकवतात, त्याने मनाला लावून घेऊ नकोस. स्टॅनफर्ड विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम या विषयावर अनेक वर्षं काम करतात. ट्रिप डॉट कॉम या चिनी कंपनीत १,६१२ जणांवर त्यांनी आणि सहकाऱ्यांनी प्रयोग केला. काहींना दोन दिवस घरून काम, बाकीच्यांना पाचही दिवस ऑफिस. २०२४ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात निकाल छापून आला. कामाच्या दर्जात फरक नाही, बढत्यांत फरक नाही, आणि नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण एक तृतीयांशाने घटलं. सगळ्यात जास्त फायदा झाला तो बायकांना, लांबून येणाऱ्यांना आणि मॅनेजर नसलेल्यांना. म्हणजे तुझ्यासारख्यांना. पण नीट बघ, उरलेले तीन दिवस ती माणसं ऑफिसातच होती. त्याआधी त्याच कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये आठवड्याचे चार दिवस घरून काम देऊन पाहिलं होतं. तिथे काम १३ टक्क्यांनी वाढलं, पण जेवढं काम त्या मानाने बढती मात्र कमी मिळाली. काहींनी तर एकटं वाटतं म्हणून परत बोलवा असं सांगितलं.

आता ज्यामुळे मी तुला 'ये' म्हणते ते. नतालिया इमॅन्युएल, एमा हॅरिंग्टन आणि अमांडा पॅलिस या तिघी अर्थतज्ज्ञांनी एका मोठ्या अमेरिकी कंपनीतले सॉफ्टवेअर इंजिनिअर तपासले. तिथल्या काही टीम एकाच इमारतीत बसत, काही दोन इमारतींत विखुरलेल्या. इमारतींत अंतर किती, तर थोडं चालण्याइतकं. एकत्र बसणाऱ्यांच्या कोडवर सहकाऱ्यांचे २२ टक्के जास्त शेरे पडत. गंमत म्हणजे हे शेरे ऑनलाइनच दिले जात, कुणी खुर्ची ओढून शेजारी बसून देत नव्हतं. कोविडमध्ये सगळे घरी गेले आणि हा फरक बहुतेक मिटला. जास्त लाभ नव्या मुलांचा, त्यातही मुलींचा. आणि तोटा कुणाचा? ज्येष्ठांचा. शिकवण्यात वेळ गेला की त्यांचं स्वतःचं कोड लिहिणं कमी होई.

हे वाचल्यावर माझ्या वयाच्या लोकांचं बोलणं मला वेगळं ऐकू यायला लागलं. घरून काम करण्याच्या बाजूने सगळ्यात मुद्देसूद बोलतात ते पंधरा-वीस वर्षांचा अनुभव असलेले. बाणेरला तीन बेडरूमचा फ्लॅट, त्यात एक खोली कामाची, दाराला कडी. घरी माझं काम जास्त होतं, असं म्हणतात, आणि ते खरं आहे. मीसुद्धा म्हणते. पण ते जास्त काम होतं कारण मधेच येऊन प्रश्न विचारणारी तू तिथे नसतेस. आम्हाला कुणीतरी असेच प्रश्न विचारू दिले म्हणून आम्ही इथवर आलो. तेव्हा घरून काम हवंच, असं कुणी ठासून सांगितलं की आधी त्याचा अनुभव किती वर्षांचा ते विचारत जा. मलाही.

शेजारी बसून नेमकं काय शिकायला मिळतं, हे सांगायला अवघड जातं, म्हणून कंपन्या 'कोलॅबरेशन', 'कल्चर' असलं गुळगुळीत काहीतरी लिहितात आणि तुम्ही मुलं हसता. मी एकच सांगते. क्लायंटचा कॉल चालू असतो, तिकडचा माणूस चिडलेला असतो. लीड, म्हणजे टीमची प्रमुख, फोन म्यूट करते आणि म्हणते, 'हा आकडा त्याला कुणी दिला? बरोबर नाहीये तो. पण आत्ता कबूल करायचं नाही, आधी लॉग बघू.' मग म्यूट काढते आणि शांतपणे सांगते की दोन तासांत कळवतो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी जे शिकले, त्यातलं बरंचसं या म्यूटमधलं आहे. कशाला 'हो' म्हणायचं, कशाला 'बघून सांगतो', कुठली डेडलाइन खरी आणि कुठली नुसती दाखवायची, कुणाच्या मेलला लगेच उत्तर द्यायचं नाही. हे नव्या माणसाला काम समजावून देण्याच्या कुठल्या केटी सेशनमध्ये येत नाही, रेकॉर्डिंगमध्ये तर नाहीच. तू कराडला कॉलवर असतेस तेव्हा तुला क्लायंटला ऐकू येतं तेवढंच ऐकू येतं.

म्हणूनच ती चौकशी. तुझी लीड कुठे बसते? टीम हैदराबादला, आर्किटेक्ट चेन्नईला, क्लायंट टेक्सासला, आणि तू हिंजवडी फेज थ्रीच्या चौथ्या मजल्यावर हेडफोन लावून टीम्स ॲपवर, असा प्रकार असेल तर ऑफिसला येऊन तू फक्त स्वाइप करणार आहेस. त्यासाठी कुणी घर सोडू नये. त्या तिघी अर्थतज्ज्ञांना आणखी एक दिसलं होतं: टीममधला एक जरी दुसऱ्या इमारतीत असला तरी एकत्र बसलेल्यांचंही आपसातलं बोलणं कमी होतं, कारण मग सगळंच ऑनलाइन सुरू होतं. तेव्हा मॅनेजरला स्पष्ट विचार. माझ्या कोडचा रिव्ह्यू जी करते ती कुठल्या वारी येते? टीम एकाच दिवशी येते की ज्याच्या-त्याच्या सोयीने? माझं डेस्क तिच्याजवळ मिळेल का, की रोज ॲपवर सापडेल तिथे बसायचं? उत्तर गुळमुळीत आलं तर पुण्यातलाच दुसरा प्रोजेक्ट माग. आधी प्रोजेक्ट, मग खोली.

पैशाचं बोलते, कारण तू मेलमध्ये ते लाजत लाजत शेवटच्या ओळीत लिहिलंयस. त्यात लाजायचं काही नाही. वाकडला दोघींच्या खोलीत पीजी म्हणजे दहा-बारा हजारांच्या आसपास. मेस, शेअर रिक्षा, शनिवार-रविवारी घरी जाणं-येणं धरलं तर हातात येणाऱ्या पगाराचा मोठा हिस्सा उडतो. आज घरी जे साठतंय ते साठणार नाही. वर हिंजवडीचा रस्ता. वाहतुकीची आकडेवारी काढणाऱ्या टॉमटॉम कंपनीच्या २०२४च्या यादीत पुणं जगातल्या सगळ्यात संथ शहरांत चौथं होतं, दहा किलोमीटरला सरासरी ३३ मिनिटं. आणि ही सरासरी; पावसाळ्यातल्या संध्याकाळी शिवाजी चौक काय असतो ते तुला कुठलाही अहवाल सांगू शकणार नाही. म्हणून ऑफिस जवळ असणं हेच पहिलं, खोलीचा रंग, खिडकी, बाल्कनी नंतर. हा खर्च शिकण्याची फी म्हणून करायचा. शिकवणारं माणूस तिथे नसेल तर फी भरायची नाही.

तू विचारलंस, दोन वर्षांपूर्वी यांनीच 'कुठूनही काम करा' म्हटलं होतं, त्याचं काय? कंपनीचं धोरण आणि तुझं करारपत्र यांत फरक आहे. टीसीएसने २०२० मध्ये जाहीर केलं होतं की २०२५ पर्यंत एका वेळी २५ टक्क्यांहून जास्त लोकांना ऑफिसात यायची गरज राहणार नाही. ऑक्टोबर २०२३ पासून तिथे पाच दिवस हजेरी आली, आणि पुढे ती 'व्हेरिएबल पे'शी, म्हणजे पगाराच्या कमी-जास्त होणाऱ्या भागाशीही जोडली गेली. काही गोष्टी कंपनीच्याही हातात नसतात. एसईझेडमधल्या, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रातल्या, युनिटना घरून काम देण्याची मुभा सरकारी नियमाने मिळाली, जुलै २०२२ मध्ये निम्म्या लोकांपुरती, मग डिसेंबरात सगळ्यांना, तीही मुदतीने. आणि हेही खरं की काही ठिकाणी परत बोलावण्यामागे, थोडे लोक आपणहून सोडून गेले तर बरंच, हा हिशेब असतो. तो कुणी मेलमध्ये लिहीत नाही. तुझ्या ऑफर लेटरमध्ये कामाचं ठिकाण काय लिहिलंय ते काढून बघ. तिथे पुणे असेल आणि 'कंपनी सांगेल तिथे' असंही असेल, तर एचआरशी वाद घालण्यात अर्थ नाही. वाद घालायचाच तर तीन दिवस कुठले, यावर घाल. तिथे बहुतेक वेळा काहीतरी मिळतं.

स्टार्टअपचं. मी रिमोट कंपन्यांच्या विरुद्ध नाही. गिटलॅबसारखी सॉफ्टवेअर कंपनी सुरुवातीपासून तशीच चालते आणि तिचं अख्खं हँडबुक नेटवर उघडं आहे. एक रविवार घालवून त्यातली चार पानं वाच. तिथे निर्णय कॉलवर होत नाहीत, लिहून होतात. लिहिलेलं वाचून नवीन माणूस आपलं आपण कामाला लागू शकतो. तुझ्या स्टार्टअपमध्ये असं काही आहे का? याआधी त्यांनी दोन वर्षं अनुभवाचं कुणी रिमोट घेतलंय का, आणि तो किंवा ती आज तिथे आहे का? त्या व्यक्तीशी अर्धा तास बोलायला मिळेल का? 'आमच्याकडे सगळे सीनियर आहेत, तू पटकन शिकशील' हे उत्तर आलं तर मी तरी जाणार नाही. सगळे सीनियर, सगळे आपापल्या खोलीत, आणि तुला शंका विचारायला स्लॅक या चॅट ॲपवरचा एक चॅनल.

आणखी एक, हे फक्त तुला लिहिते. घरी असताना तू 'घरीच तर आहेस' असतेस. पाहुणे आले की चहा, काकूंना दवाखान्यात न्यायचं ते तू, स्टँड-अप, म्हणजे टीमची रोजची छोटी मीटिंग, चालू असताना गॅस बंद कर अशी हाक. तुझा भाऊ त्याच घरातून काम करायचा तेव्हा त्याच्या दाराबाहेर सगळे हळू बोलायचे, हे तूच मला सांगितलंयस. आईला दुखवायचा प्रश्न नाही. पण काही वर्षं तुझं काम घराबाहेर घडलेलं घराने बघावं, त्याने पुढे फरक पडतो. उलट एक वेळ अशी येईल की घरून काम तुला मनापासून लागेल. २०१७च्या दुरुस्तीनंतर मातृत्व लाभ कायद्यात, रजेनंतर कामाचं स्वरूप पाहून परस्परसंमतीने घरून काम देता येईल, असं कलम आलं; आता ते सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. कलम मऊ आहे, 'संमतीने' या अटीवर सगळं टांगलेलं. ती संमती अशा बाईला सहज मिळते जिचं काम चार लोकांनी डोळ्यांसमोर पाहिलेलं असतं. तेव्हा तू भांड, मी तुझ्या बाजूने उभी राहीन.

तर या आठवड्यात मॅनेजरशी बोल. मेलने नको, कॉल कर, आणि ठरेल ते नंतर दोन ओळींत मेलवर पक्कं करून घे. मंगळवार-बुधवार-गुरुवार माग. म्हणजे सोमवारी रात्री निघता येईल आणि गुरुवारी रात्री परत. कराडहून मुंबईला जाणाऱ्या खासगी गाड्या बायपासने वाकडला थांबतात, स्वारगेटला उतरून शहर ओलांडायची गरज नाही. पहिले दोन महिने डिपॉझिटवाली खोली घेऊच नकोस, महिन्याच्या बोलीवर पीजी बघ आणि नोटीस किती दिवसांची ते लिहून घे. तेवढ्यात लीड खरंच येते की नाही हे कळेल. नसेल येत, तर मला सांग. माझ्या ओळखीत दोन टीम आहेत ज्या खरोखर एकत्र बसतात.

तुझी,
ताई