भुईमुगाच्या दाण्याला बुरशी शेतात लागते की साठवणीत?

तुम्ही विचारलंय की शेंग वरून चांगली दिसते पण फोडली की दाण्यावर हिरवट-पिवळी बुरशी, मग ही पोत्यात लागली की शेतातच? माझ्या मते बरेचदा शेतातच, तेही काढणीआधीच्या शेवटच्या महिन्या-दीड महिन्यात, आणि लोक नेमकं तेव्हाच पिकाकडे बघायचं सोडतात.

भुईमुगाचं फूल वर येतं, पण नंतर आऱ्या, म्हणजे फुलातून खाली वाढणारे देठ, जमिनीत घुसतात आणि शेंग मातीतच पोसते. ॲस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी मातीतल्या काडीकचऱ्यावर आधीपासून असतेच, तिला लांबून यावं लागत नाही. तरी ती टरफलात शिरली म्हणजे दाणा गेला असं नाही हां, कारण ओला, जिवंत दाणा स्वतःच बुरशीला रोखणारी रसायनं तयार करतो, मला तर या पिकाची हीच गोष्ट सगळ्यात भारी वाटते. पण शेवटचे 4 ते 6 आठवडे पाणी मिळालं नाही आणि शेंगांजवळची माती 25 ते 31 अंशांपर्यंत तापलेली राहिली की दाणा आतून सुकायला लागतो, ती रसायनं बनणं थांबतं, आणि बुरशीला मात्र तेवढी ओल वाढायला पुरते. त्यात हुमणीने, वाळवीने शेंग पोखरली असेल तर रस्ता मोकळाच.

(बुंध्याशी काळी बुरशी येऊन रोपं मरतात ती वेगळी, ॲस्परजिलस नायजर. तिला बीजप्रक्रिया लागते.)

खरी भीती अफ्लाटॉक्सिनची, म्हणजे ही फ्लेव्हस बुरशी दाण्यात तयार करते त्या विषाची. 1960 मध्ये इंग्लंडात लाखाच्या वर टर्की पक्षी मेले ते शेंगदाण्याच्या पेंडीतल्या याच विषाने. ते डोळ्याला दिसत नाही आणि भाजूनही पूर्ण जात नाही.

म्हणून शक्य असेल तर शेवटच्या महिन्यात पाण्याचा ताण पडू देऊ नका, आऱ्या सुटल्यावर कोळपणी बंद करा म्हणजे शेंगा जखमी होणार नाहीत, आणि पीक तयार झालं की शेतात ठेवू नका. अमेरिकेत तर फ्लेव्हसचीच विष न बनवणारी जात शेतात टाकतात, ती विषारी जातीची जागा अडवते. काढल्यावर दाण्यातली ओल 8 टक्क्यांच्या खाली येईपर्यंत वाळवा. सुरकुतलेले, रंग बदललेले दाणे वेगळे काढून टाका, विष जास्त करून त्यांच्यातच असतं, आणि ते दुभत्या जनावरालाही घालू नका, त्याचा अंश दुधात उतरतो.