गोठ्यावरचा सल्ला: शर्यतीचे बैल पुरवायचा धंदा

प्रश्न: काका, अमेरिकेत रोडिओला (उधळणाऱ्या जनावराच्या पाठीवर टिकून राहायचा खेळ) बैल-घोडे भाड्याने पुरवणारे ठेकेदार असतात. आपल्याकडे बैलगाडा शर्यतींसाठी तसा धंदा जमेल का? घरी दोन खिलार गाई आहेत. (एक वाचक, सांगोला तालुका)

उत्तर: बाळा, तिकडचा हिशोब वेगळा. तिथे जनावर ठेकेदाराचं, बसणारा दुसराच. त्यानं आठ सेकंद तग धरायची आणि बैलानं त्याला उडवायचं. बैल जितका खट्याळ तितकी मागणी जास्त. आपल्याकडे बैल ज्याचा, नाव त्याचं! भाड्याच्या बैलावर गुलाल कोण उधळेल?

म्हणून भाडं विसर, खोंड तयार करून वीक. गाई आहेतच, तेव्हा पळणाऱ्या वळूची खात्री करूनच भरवून घे. वासराला दूध तोडू नकोस. डेअरीचा हप्ता बुडेल, पण माझ्या मते अर्धा बैल तिथंच घडतो. शर्यती आदत (पक्के दात न आलेला), दुसा (दोन पक्के दात आलेला) अशा दातांवर होतात, म्हणून पक्के दात लागायच्या आत गाडीची सवय लाव. आणि सांगोल्याच्या रविवारच्या बाजारात विकण्याआधी चार मैदानांत पळवून दाखव. उभ्या खोंडाला व्यापारी भाव पाडूनच मागतो.

खोंडाच्या कानात नोंदणीचा बिल्ला हवाच. २०१४ मध्ये शर्यती बंद झाल्या तेव्हा गोठेच्या गोठे मोडले. सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये शर्यतींना मुभा देणारा राज्याचा कायदा ग्राह्य धरला, तरी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागतेच. बिनपरवाना मैदानावर खोंड नेऊ नकोस. काठी-चाबकावर शिकवलेला तर मुळीच विकू नकोस, कायद्यात ते बसत नाही.

कर्ज काढून पहिला खोंड घेणार असशील, तर थांब. गाय विऊ दे.