वडिलांची सैन्यातली डिसॅबिलिटी पेन्शन (सेवेमुळे आलेल्या अपंगत्वाची पेन्शन) नाकारली. रिलीज मेडिकल बोर्डाने (निवृत्तीच्या वेळी तपासणी करणारे वैद्यकीय मंडळ) ३०% अपंगत्व दिले, पण 'सेवेशी संबंध नाही' असा शेरा आहे. २०१९ ची निवृत्ती. अपील कसे करायचे?

टक्केवारीवर भांडू नका, तुमची अडचण त्या शेऱ्यात आहे. आधी बोर्डाच्या कार्यवाहीची प्रत रेकॉर्ड ऑफिसकडून (सैनिकांच्या सेवेच्या नोंदी ठेवणारे कार्यालय) मागवा (नाही दिली तर माहिती अधिकारात) आणि शेऱ्याखाली कारण काय लिहिले आहे ते वाचा. बरेचदा एकच छापील ओळ असते.

अपिलाचा कणा म्हणजे धरमवीर सिंह खटला. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये म्हटले की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर तो सेवेमुळे झाला असे गृहीत धरायचे. तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची. म्हणून भरतीची वैद्यकीय नोंद आणि कठीण भागातल्या पोस्टिंगचे तपशील जोडाच.

पहिले अपील नकाराच्या पत्रापासून ६ महिन्यांत, रेकॉर्ड ऑफिसमार्फत. तेही फेटाळले तर दुसरे अपील, मग सशस्त्र दल न्यायाधिकरण; महाराष्ट्र-गोव्यासाठी मुंबई खंडपीठ. मुदत गेली असेल तरी विलंबमाफीचा अर्ज करता येतो, नुसते हातावर हात ठेवून बसू नका.

जिंकलात तर २०१४ च्या राम अवतार निकालाप्रमाणे ३०% ऐवजी ५०% अपंगत्व धरले जाते. २१ सप्टेंबर २०२३ नंतर निवृत्त झालेल्यांना मात्र नवे नियम आहेत, त्यांनी हे उत्तर जसेच्या तसे वापरू नये.

अर्ज लिहायला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. एजंटाला टक्केवारी कबूल करू नका.